सुभेदारांच्या घरचा जपानी खेळ

सुभेदार माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलत नसत. आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याची फार फजिती व्हायची. सुभेदार लोखंडी कपाटाकडे बघत विचारायचे, "चहा घेणार का?" आणि तो बिचारा वळून कपाटाजवळ कोण उभं आहे ते बघायचा. पुढे त्याच्या लक्षात यायचं की प्रत्येकासाठी सुभेदारांनी एकेक जागा ठरवून टाकली आहे. साहेबांशी बोलायचं तर छताचा पंखा, शिपायाशी बोलायचं तर दाराची कडी, इतर बाबूंशी बोलायचं तर कपाट. माझ्या वाट्याला खिडकीबाहेरचा कडुनिंब आला होता. बाकीच्यांना सामान मिळालं आणि मला झाड मिळालं, याचा मला मनातून अभिमान वाटायचा.

खरं तर ते सुभेदार नव्हतेच. त्यांचे आजोबा की पणजोबा सरकारांच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या महाराजांच्या, फौजेत सुभेदार होते. दक्षिणेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आलेली जी मराठी घराणी, त्यांतलं हे एक. नातवाने उभ्या आयुष्यात पंचिंग मशीनपेक्षा जड हत्यार उचललं नाही, पण घराला चिकटलेली पदवी काही सुटली नाही. हिंदी बोलणारे सहकारी त्यांना "सूबेदार साब" म्हणत आणि गमतीने सलाम ठोकत. तेही अगदी गंभीरपणे सलाम परत करत. कपाटाला.

दुसरी खोड म्हणजे त्यांचं मत. कोणतीही नवी वस्तू दिसली की हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उभं राहायचं, मान जराशी तिरकी करायची आणि निकाल देऊन टाकायचा. निकालाची सुरुवात ठरलेली. नवं कुलूप आलं, "प्रथमदर्शनी दिखाऊ." बाड्यावर, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकात, नव्याने उघडलेल्या दुकानातली जिलेबी, "प्रथमदर्शनी ओलसर." नवे साहेब आले, "प्रथमदर्शनी घाबरट." माणसांबद्दलची मतं ते बहुधा त्यांच्या चपलांवरून बनवत असावेत, कारण चपलांच्या वर त्यांची नजर जात नसे. एकदा दिलेलं मत बदलायचं नाही हा त्यांचा बाणा होता.

मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि कडुनिंबाला म्हणाले, "प्रथमदर्शनी तोंडाळ."

मी म्हटलं, "माझं तोंड तर तुम्ही अजून बघितलंही नाहीये."

सुभेदारांनी कडुनिंबाकडे बघत थोडा विचार केला आणि म्हणाले, "मत कायम." त्या दिवसापासून दुपारच्या चहाचा पहिला कप माझ्या टेबलावर यायला लागला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे लष्कर. आमच्या शहराचे तीन भाग आहेत, ग्वाल्हेर, मुरार आणि लष्कर. सुभेदारांच्या मते राहण्याजोगा त्यातला एकच. बढती घ्यायची तर बदली घ्यावी लागते, म्हणून त्यांनी आलेली प्रत्येक बढती नाकारली होती. त्यामुळे केस पांढरे झाले तरी ते माझ्यासारख्या कालच्या पोरीच्याच पदावर, साधे लिपिक म्हणून बसत. एकदा त्यांना भोपाळला काम पडलं, तर उतरून, काम आटोपून त्याच दिवशीच्या गाडीने परत आले. म्हणाले, "लष्कराबाहेर मला झोप येत नाही." शिपाई म्हणायचा, "सूबेदार साब को तो मुरार भी परदेस लगता है." यात अतिशयोक्ती फार नव्हती.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आमच्या राज्याचे दोन भाग व्हायचे होते. नवं छत्तीसगढ राज्य होणार, त्याची राजधानी रायपूर होणार, हे आम्ही आधी वर्तमानपत्रात वाचलं आणि ते आम्हाला इतर बातम्यांसारखंच वाटलं. मग एके दिवशी कळलं की राज्य वाटायचं म्हणजे खुर्च्या, टंकलेखन यंत्रं, जीप आणि माणसं, सगळंच वाटायचं आहे. तेव्हा सगळ्यांना घाम फुटला. ज्यांनी शाळा सोडल्यापासून नकाशा उघडला नव्हता ते मुलांच्या पुस्तकात रायपूर शोधायला लागले. गाडी भोपाळ, नागपूर असा वळसा घालत जाते, तिकडे पाऊस फार, तिकडे नुसता भात खातात, अशा चर्चा दिवसभर चालायच्या.

आमच्या शाखेतून एक लिपिक द्यायचा होता. कोणी राजीखुशीने तयार झालं तर तो, नाहीतर सगळ्यात शेवटी नोकरीला लागलेला. सगळ्यात शेवटी लागलेली मी होते.

घरी आई आणि मी अशा दोघीच. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत, अर्धं कळे, अर्धं मी समजून घेई. दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. मी ऑफिसात असताना शेजारच्या चाची तिच्याजवळ बसायच्या. कंपू भागातल्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा अनोळखी भिंती बघून आई लहान मुलासारखी घाबरायची, पाणीसुद्धा गिळायची नाही. घरी आणली, आपली खाट, आपली खिडकी आणि चाचींचा आवाज मिळाला, तेव्हा कुठे तिच्या घशाखाली घास उतरला. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, हिला हलवू नका. मग मी रायपूरला जायचं म्हणजे एक तर आईला कसंबसं उचलून न्यायचं, नाहीतर चाचींवर टाकून जायचं. नोकरी सोडावी तर चूल कशावर पेटवायची? हे मी ऑफिसात कोणाजवळ बोलले नव्हते. कीव केलेली मला खपत नाही. आणि तोंडाळ बाईला रडायची सोय नसते.

अशा दिवसांत एकदा सुभेदार माझ्या टेबलाजवळ आले आणि कडुनिंबाला म्हणाले, "बाई, तुम्हाला कंप्यूटर येतो ना?"

"थोडा येतो." मी बाड्यावरच्या क्लासमध्ये चार महिने शिकले होते. आमच्या शाखेत तेवढंही कोणी शिकलं नव्हतं.

"घरी एक यंत्र आलंय. जपानचं. आक्का म्हणते, नवमीला सकाळी या आणि ते सुरू करून द्या."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सुभेदारांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आक्का तर त्याच्याही आधीपासून विधवा. कंपूच्या बाजूला उतारावर त्यांचं छोटंसं घर होतं, तिथे ही दोघं भावंडं राहत. सुभेदारांच्या वाट्याचं सगळं बोलणं आक्का बोलत. सुभेदारांचा मुलगा जपानमध्ये इंजिनियर होता, तिथलीच बायको केलेली, एक लहान मुलगी. उन्हाळ्यात तो सहकुटुंब येणार होता. नात इथे कंटाळेल म्हणून त्याने नुकताच बाजारात आलेला व्हिडिओ गेम आधीच एका मित्राच्या हाती पाठवून दिला होता. फोनवर बजावलं होतं, "बाबा, हात लावू नका. मी आल्यावर लावू."

आक्कांना हे पटलं नाही. "यंत्र बसून राहिलं की आखडतं," त्या मला दारातच म्हणाल्या. "माझी शिलाई मशीन बघ ना. आणि आज खंडेनवमी. आज घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते, मग ह्याची नको का? परदेशातून आलंय बिचारं."

पाटावर मांडामांड झाली होती. आजोबांची तलवार, एक कट्यार, आक्कांची विळी, सुभेदारांचं शाईचं पेन, शिलाई मशीन आणि तलवारीच्या शेजारी उभी केलेली एक काळी पेटी. मी तोवर व्हिडिओ गेम पाहिले होते ते खेळण्यातले, कचकड्याचे, वर कॅसेट खोचायचे. हे प्रकरण वेगळंच होतं. एखाद्या जाडजूड ग्रंथासारखं उभं, अंगावर आडव्या खाचा, कुठेही भडक रंग नाही, चित्र नाही. डोक्यावर लाल पगडी चढवलेले सुभेदार हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे होते.

"काय म्हणता?" मी विचारलं.

"प्रथमदर्शनी फाजील," ते तलवारीला म्हणाले.

माहितीपत्रक अख्खं जपानीत. तिथली वीज आपल्या विजेच्या निम्म्याहून कमी जोराची असते, एवढं मुलाने फोनवर सांगितलं होतं, म्हणून सुभेदारांनी वीज कमी करणारा एक ठोकळा बाड्यावरून आणून ठेवला होता. मी चित्रं बघत बघत तारा जोडल्या. आक्कांचं म्हणणं, बंद यंत्राची पूजा करायची नाही, त्यात जीव आलेला दिसला पाहिजे. शिलाई मशीनवरही त्यांनी पूजेआधी एक टीप मारून घेतली होती. मी बटण दाबलं. एक बारीकसा हिरवा दिवा लागला. दुसरं बटण दाबलं तर पेटीतून एक काळं तबक आपसूक बाहेर आलं.

ते तबकडी ठेवायचं तबक आहे हे मला ठाऊक होतं. पण मी तोंड उघडायच्या आत आक्का गहिवरून म्हणाल्या, "अगं बाई! ह्याने तर हात पुढे केला!" आणि त्यांनी त्या तबकात हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षता टाकल्या आणि वर एक शेवंतीची पाकळी ठेवली.

मी घाईने हात पुढे केला, तो नेमका बटणावर पडला. तबक आत गेलं. आतून दाणे भरडल्यासारखा आवाज आला.

"आक्का, आत तांदूळ गेले!"

"मग जाऊ देत की. घेतलं त्याने."

"अहो, खराब होईल! उघडू द्या मला."

आता सुभेदार आडवे आले. "पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही," ते तलवारीला म्हणाले. "उद्या दसरा. उद्या सीमोल्लंघन झालं की मग." आमच्याकडेही हीच रीत होती, त्यामुळे मला वाद घालता येईना. पण आत पंखा फिरत होता आणि तांदूळ खडखडत होते. शेवटी तोड आक्कांनीच काढली. भिंतीवरच्या स्विचची पूजा केलेली नव्हती, तेव्हा तो बंद करायला हरकत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. जपानमध्ये ज्यांनी ती पेटी बनवली त्यांनी धूळ, पाणी, पोरांची आदळआपट, सगळ्याचा विचार केला असेल. खंडेनवमीचा मात्र कोणी केला नसणार.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं देऊन झाली आणि मी आक्कांचा काटा काढायचा चिमटा आणि चित्र काढायचा ब्रश घेऊन बसले. तबक उघडून दाणे वेचले, जितकी निघाली तितकी हळद झाडली. तबकडी ठेवली. आक्कांनी डोळे मिटले. पेटीने जरा घरघर केली आणि टीव्हीवर चित्र आलं.

चित्र आलं ते काळं-पांढरं. एवढं नव्या जमान्याचं यंत्र आणि त्यातून आमच्या लहानपणीचा टीव्ही! तिकडची चित्र पाठवायची पद्धत वेगळी, इकडच्या टीव्हीला त्यातले रंग समजत नव्हते. हे आम्हाला मागाहून माहीत पडलं. आक्का म्हणाल्या, "प्रवासात उडाले असतील." पण रंग नसूनही मी थक्क झाले होते. मोटारींची शर्यत होती ती. मोटारीच्या टपावर ढगांची सावली सरकत होती. झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती. वळणावर धूळ उडून मागे राहत होती. हे कोणी तरी बसून रेखाटलं असेल असं वाटतच नव्हतं, कुठल्या तरी खिडकीतून खराखुरा रस्ता दिसतोय असं वाटत होतं.

खेळायला दोघं लागायची, दोघांच्या हातात गाडी चालवायच्या बटणांच्या दोन मुठी. सुभेदारांनी आपली मूठ पूजेचं तबक धरावं तशी दोन्ही हातांत धरली आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसले. शर्यत सुरू झाली, पडद्याच्या अर्ध्या भागात माझी गाडी, अर्ध्या भागात त्यांची. माझी गाडी दोनदा भिंतीवर आदळून पुढे निघाली. सुभेदार रस्त्याच्या डाव्या कडेने, बैलगाडीच्या चालीने येत होते. मागून गाड्या आल्या की ते बाजू घेत आणि त्यांना पुढे जाऊ देत.

"अहो, शर्यत आहे ही!"

"त्यांना घाई असेल."

मग एका वळणावर त्यांनी गाडी उभीच केली. रस्त्याच्या पलीकडे समुद्र होता. पडद्याच्या त्या अर्ध्या भागात लाटा येत होत्या, फुटत होत्या, परत जात होत्या. मी माझी शर्यत संपवली, तरी त्यांची गाडी तिथेच.

"समुद्र असा असतो?" त्यांनी विचारलं.

मीही ग्वाल्हेरचीच. "मी कुठे बघितलाय?" मी म्हटलं.

आक्का कुठून बघणार? आम्ही तिघं त्या काळ्या-पांढऱ्या लाटा बघत बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "प्रथमदर्शनी..." आणि थांबले. त्यांना शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "मत राखून ठेवतो." हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर मी ऑफिसातून घरी जाताना त्यांच्याकडे थोडा वेळ थांबायला लागले. दिवेलागणीपर्यंत चाची आईजवळ असतच. संध्याकाळची बत्ती जायची वेळ ठरलेली होती, तिच्या आत आमच्या एक-दोन शर्यती होत. आणि तिथे मला एक नवल कळलं. ऑफिसात चार शब्दांत काम भागवणारे सुभेदार पडद्याकडे बघत बसले की बोलत. दोघांनाही समोरच बघायचं असतं, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं कारणच नसतं. आयुष्यभर त्यांना हवी होती तशी जागा त्या जपानी पेटीने करून दिली होती. ते पत्नीबद्दल बोलले, मुलगा निघाला त्या दिवसाबद्दल बोलले. नातीशी काय बोलायचं याची त्यांना धास्ती होती, कारण तिला मराठी येत नव्हतं.

आणि एकदा वळण घेता घेता त्यांनी विचारलं, "बाई, आईंना कूस कोण बदलून देतं?"

"मी देते. दिवसा चाची."

"रायपूरचं झालं तर?"

मला वाटलं नव्हतं, पण मी सगळं बोलून गेले. दवाखान्यातल्या भिंती, पाणी न गिळणं, डॉक्टर, चाचींचं वय, चूल. बोलता बोलता समोरचा रस्ता पाण्यात बुडाल्यासारखा झाला आणि माझी गाडी कठड्यावर जाऊन अडकली. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. कोणी बघितलं असतं तर मी तिथून उठून गेले असते.

"रिव्हर्स घ्या," ते पडद्याला म्हणाले. "घाई नाही. मी थांबलोय." आणि खरोखरच पुढे त्यांची गाडी कडेला उभी होती.

काही दिवसांनी साहेबांनी आमच्या शाखेला आत बोलावलं. मी तयारी करून गेले होते. चेहरा सरळ ठेवला होता. साहेब म्हणाले, "एक नाम जाना है. कोई अपनी मर्ज़ी से?" सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि घसा साफ केला.

तेवढ्यात सुभेदार पंख्याला म्हणाले, "मेरा लिख लीजिए."

साहेबांना वाटलं, थट्टा आहे. "सूबेदार साब, आप? मुरार नहीं जाते आप. रिटायरमेंट में बचा ही क्या है? सोच लीजिए."

"समुंदर देख लिया साहब. अब रायपुर भी देख लेंगे."

लोक हसले. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले ती तावातावाने. बत्ती गेली होती. सुभेदार काळ्या पडद्यासमोर बसले होते आणि आक्का कंदिलाच्या उजेडात पितळेची भांडी कागदात गुंडाळत होत्या. मी दारातूनच सुरू केलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का?"

"त्याला काय विचारतेस, मला विचार," आक्का म्हणाल्या.

"आक्का, तुम्हीसुद्धा? अहो, तुम्हाला बाड्यावरची सोडून दुसरी भाजी चालत नाही!"

"मग, रायपूरला काय भाजी उगवत नाही?" त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "ऐक. हा मला म्हणाला, आक्का, एक तर ती जाईल, नाहीतर मी. तिची आई उठू शकत नाही. तू उठू शकतेस का? मी उठून दाखवलं. बस, हो गया. आता ते सुतळीचं बंडल दे इकडे."

मी सुतळी दिली. मग मला आभार मानायचे होते. सुभेदारांना ते न बघताच कळलं असावं. ते बंद पडद्याला म्हणाले, "बाई, उपकार बिपकार काही बोलू नका. बोललात तर मला तुमच्याकडे बघावं लागेल. मग दोघांची पंचाईत."

तेव्हा बोलायचं राहिलं ते आज हे लिहिते आहे.

स्टेशनवर अख्खं ऑफिस आलं होतं. साहेबांनी हार घातला. ती जपानी पेटी रजईत गुंडाळून आक्कांनी मांडीवर घेतली होती, हमालाच्या हाती द्यायला तयार नव्हत्या. गाडी हलेपर्यंत त्या खिडकीतून मला सूचना देत होत्या, आईला एरंडेल कधी लावायचं, कसं लावायचं. सुभेदार पलीकडच्या खिडकीशी बसून रुळांकडे बघत होते. गाडी सुटली तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. पण शिपायाने सलाम ठोकला तसा त्यांचा हात कपाळापर्यंत गेला, तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच होता.

रविवारी आक्का चाचींच्या फोनवर फोन करायच्या. तिकडे घर मिळालं, भाजी मिळाली, पण भोपळ्याला चव नाही. उन्हाळ्यात मुलगा सुनेला आणि नातीला घेऊन रायपूरलाच गेला. आक्का हसून सांगत होत्या, "अगं, नात जपानीत ओरडते, हा मराठीत ओरडतो, पडद्यावरून नजर कोणाचीच हलत नाही. जेवायला उठवलं तर दोघं माझ्यावरच चिडतात. ह्या माझ्या भावाला मी इतकी बडबड करताना लहानपणीसुद्धा ऐकलं नव्हतं." मागून खरंच दोघांचा गलका ऐकू येत होता.

दुसऱ्या पावसाळ्यात आक्कांना तिकडे ताप आला. साधाच ताप होता, पण तो उतरला नाही. आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा आईला सोडून मी जाऊ शकले नाही. दोन-तीन दिवस मी आक्कांनी सांगितलं होतं तसंच तेल आईच्या पायांना चोळत होते आणि रडत होते. आई डाव्या हाताने माझे केस सारखे करत होती.

सुभेदार निवृत्त होऊन परत आले ते स्टेशनवरून थेट आमच्याकडे. टांगा दाराशी उभा, त्यात वळकटी आणि ट्रंक. बारीक झाले होते. तोवर त्यांनी माझ्या आईला एकदाही पाहिलेलं नव्हतं. जिच्यासाठी लष्कर सोडलं ती दिसते कशी हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

"आई, हे सुभेदार," मी म्हटलं.

ते खाटेशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मला वाटलं, आता खिडकीकडे बघतील, कोनाड्याकडे बघतील. पण ते आईकडे बघत राहिले. आईने डाव्या हाताने खाटेची कड थोपटली, तसे बसले.

"आक्का?" आईने विचारलं. तिचं अडखळणारं बोलणं नवख्याला समजायचं नाही, त्यांना समजलं.

"तिकडेच राहिली," ते म्हणाले. "शेवटपर्यंत विचारायची, तुमच्या पायांत काही फरक पडला का."

आईने त्यांचा हात आपल्या चांगल्या हातात घेतला. चहा निवला, मी दुसरा केला, तोही निवला. टांगेवाला बाहेरून हाका मारत होता. मीच बाहेर जाऊन सामान उतरवून घेतलं आणि त्याला जायला सांगितलं. त्या दिवशी सुभेदार आमच्याकडेच जेवले.

आई त्यानंतर बरीच वर्षं होती. गेली ती आपल्या खाटेवर, आपल्या खिडकीशी, चाचींचा आवाज कानावर पडत असताना, माझ्या हातून पाणी पिऊन. आक्कांना असं जाता आलं नाही. त्यांच्या वाट्याचं लष्कर त्यांनी माझ्या आईला दिलं होतं.